विमा कंपनीशी बोलणी कशी करावी?



आपल्याकडच्या बैलबाजारात व्यवहार कसा होतो, हे तुम्हांला मी सांगावयास नको. दोन दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे धरतात, चेहऱ्यावरची रेषही न हलवता भाव चढतो, उतरतो, आणि बघ्यांना काही कळायच्या आत बैलाच्या गळ्यातली दोरी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. घासाघीस ही आपल्या रक्तातच आहे. भाजीवाली मेथीची जुडी दहाला म्हणाली तर आपण आठ म्हणतो. पण याच माणसाचा गोठा जळाला, दुकानात पाणी शिरले किंवा दुभती गाय मेली आणि विमा कंपनीने एक आकडा लिहून पाठविला, की तो मुकाट्याने सही करतो. मग घरी येऊन कंपनीला शिव्या देतो. मेथीच्या जुडीवर दोन रुपये सोडावयास जो तयार नसतो, तो येथे लाखभर रुपये कसे सोडून देतो? याचा थोडा विचार आज करू.

मला वाटते, याची कारणे दोन आहेत. आपल्यापैकी काहींना विम्याची रक्कम ही सरकारी मदतीसारखी वाटते. मिळाली ती कृपा, नाही मिळाली तर नशीब. दुसरे काही जण विम्याकडे सोडतीच्या तिकिटासारखे पाहतात. इतकी वर्षे हप्ते भरले, आता एकदा हात धुवून घेऊ, असा त्यांचा हिशेब असतो. पहिला माणूस मागावयास लाजतो, दुसरा अवाच्या सवा मागतो. आणि दोघेही नुकसानीत जातात. कारण विमा ही कृपा नव्हे आणि सोडतही नव्हे. तो एक करार आहे. करारात जे लिहिले आहे ते मागणे हा हक्क, आणि जे लिहिलेले नाही ते मागणे हा वेळेचा अपव्यय.

हा करार आपल्या देशाला नवा नाही. १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली, तेथून हिंदुस्थानातल्या विम्याची सुरुवात धरतात. १९३८ साली विमा कायदा झाला. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. १९७३ पासून आग, वाहन, जनावरे वगैरेंचा सर्वसाधारण विमाही सरकारी कंपन्यांकडे आला. पुढे १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले आणि २००० सालापासून खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. सरकारी असो की खासगी, आज सगळ्या कंपन्यांना त्या प्राधिकरणाचे नियम पाळावे लागतात, ही गोष्ट लक्षात असू द्या. बोलणी करताना तुमच्या पाठीशी हे नियम उभे असतात.

आता एक गोष्ट प्रथमच सांगून टाकतो. विमा कंपनी ही आपली वैरीण नव्हे. शंभर जणांनी थोडे थोडे पैसे एका पेटीत टाकावयाचे आणि ज्या एक-दोघांवर संकट येईल त्यांना त्यातून भरपाई द्यावयाची, हे विम्याचे मर्म. ती पेटी सांभाळणारा कारकून प्रत्येक दावा तपासून पाहील, पुरावा मागेल, यात गैर काही नाही. पेटीतले पैसे तुमच्या-माझ्यासारख्यांचेच आहेत. पण तपासणारा माणूसच असतो, त्याच्या टेबलावर अशी शंभर प्रकरणे पडलेली असतात, आणि जेवढा पुरावा समोर असेल तेवढीच रक्कम तो लिहितो. म्हणून कंपनीने सांगितलेला पहिला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. तो तिच्या बाजूचा हिशेब. तुमच्या बाजूचा हिशेब तुम्ही मांडावयाचा असतो. बैलबाजारात घासाघीस बोटांनी होते, भाजीबाजारात तोंडाने होते. विमा कंपनीशी ती कागदाने करावी लागते. आजच्या सगळ्या भाषणाचे सार एवढेच आहे.

ही बोलणी सुरू कधी होतात? पुष्कळांना वाटते, नुकसान झाल्यावर. नाही. ती विमा घेताना, पहिल्या सहीपासूनच सुरू होतात. विम्याच्या कायद्यात परम सद्भाव नावाचे एक तत्त्व आहे. १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशांनी ते ठामपणे मांडले, आणि आजही आपल्याकडचे विम्याचे खटले त्याच पायावर चालतात. अर्थ असा की, विमा उतरविणाऱ्याने स्वतःविषयीची महत्त्वाची माहिती लपवू नये, आणि कंपनीनेही अटी लपवू नयेत. आता आपल्याकडे घडते काय? एजंट घरी येतो, चहा होतो, तो म्हणतो, “काका, तुम्ही फक्त सह्या करा, बाकीचं मी भरतो.” काका सह्या करतात. फॉर्मात “मधुमेह आहे काय?” या प्रश्नापुढे एजंटने “नाही” लिहिलेले असते. काका तर गेली सहा वर्षे गोळ्या घेत असतात. हप्ते घेताना या “नाही”कडे कोणी पाहत नाही. पाहतात ते काका दवाखान्यात दाखल झाल्यावर. म्हणून कोऱ्या फॉर्मावर सही करू नये. खरे लिहिल्याने हप्ता थोडा वाढेल, एखाद्या आजाराला काही काळ संरक्षण मिळणार नाही. पण जे मिळेल ते खात्रीचे मिळेल.

विमापत्र हाती आले की ते ट्रंकेत टाकू नका, वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर गुरुजींकडून वाचून घ्या. आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांचे विमापत्र पसंत नसेल तर ते हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करता येते आणि थोडी वजावट होऊन पैसे परत मिळतात. आणखी एक दिलासा आयुर्विम्याच्या बाबतीत आहे. २०१५ साली विमा कायद्याच्या ४५ व्या कलमात दुरुस्ती झाली. विमापत्र सुरू होऊन किंवा बंद पडलेले पुन्हा चालू होऊन तीन वर्षे उलटली, म्हणजे “तुम्ही अमुक माहिती लपविली होती” असे म्हणून कंपनीला ते मोडता येत नाही. एखाद्या विधवेच्या हाती असे नकाराचे पत्र पडले, तर विमापत्राची तारीख पाहावी. कित्येकदा त्या एका तारखेवरच तिचे सगळे प्रकरण उभे राहते.

आता नुकसानीचा दिवस. घरात रडारड चाललेली असते, डोके ठिकाणावर नसते, हे खरे. तरीही चार गोष्टी त्याच दिवशी झाल्या पाहिजेत. पहिली, कंपनीला ताबडतोब कळविणे. फोनवर कळविले तर तक्रारीचा किंवा दाव्याचा क्रमांक मागून घ्यावा आणि मागाहून लेखी पत्र अथवा ई-मेल पाठवावा. दुसरी, फोटो. आज घरोघरी मोबाइल आहे. हळदीकुंकवाचे चाळीस फोटो काढणारे हात जळालेल्या गोठ्याचा एकही फोटो काढीत नाहीत. तिसरी, सरकारी नोंद. चोरी, अपघात असेल तर पोलिसांत फिर्याद, आग लागली तर अग्निशामक दलाचा दाखला, पूर-वादळ असेल तर महसूल खात्याचा पंचनामा. चौथी गोष्ट अशी की, उरलेला माल आणखी खराब होऊ नये म्हणून झटावे, पण खराब झालेला माल कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत फेकू नये. कुजू लागला आणि ठेवणे अशक्यच झाले, तर फोटो काढून, पंचांसमक्ष मोजून, कंपनीला कळवून मगच हलवावा.

जनावराच्या विम्यात तर कानातला बिल्ला हाच जनावराचा आधारकार्ड. बिल्ला नाही तर दावा नाही, असा कंपन्यांचा साधा नियम असतो. गोठ्यात घासून बिल्ला पडला तर त्याच दिवशी कंपनीला कळवून नवा बसवून घ्यावा. गाय मेल्यावर बिल्ला पडल्याचे सांगणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला. जनावर दगावले तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदनाचा दाखला घेतल्याशिवाय त्याला पुरू नये.

यानंतर कंपनीकडून सर्व्हेअर येतो. ठरावीक रकमेपेक्षा मोठे नुकसान असेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडून पाहणी करून घेणे कंपनीला कायद्यानेच भाग असते. त्याची फी कंपनी देते, तुम्ही नाही. त्याच्याशी कसे वागावे? जावयासारखी बडदास्त नको आणि चोरासारखा संशयही नको. चहापाणी द्यावे, सगळे दाखवावे आणि जे जे कागद दिले त्यांची यादी करून तिच्यावर त्याची पोच घ्यावी. तो तोंडी जे बोलेल त्यावर विसंबू नये. “होऊन जाईल काका, काळजी नको,” हे वाक्य कोणत्याच अहवालात लिहिलेले नसते. त्याच्या अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हांला अधिकार आहे. ती जरूर मागा. आणि हेही ध्यानात ठेवा की, सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले आहे. सबळ पुरावा असेल तर त्याहून वेगळा आकडा मागता येतो.

हे कसे घडते, याचे एक उदाहरण सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तो सांगली-कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना वेगळा सांगावयास नको. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे नदीकाठच्या गावात किराणा दुकान होते. दुकानातल्या मालाचा चार लाखांचा विमा होता. तोही त्यांनी हौसेने उतरविला नव्हता. बँकेने कर्ज देताना उतरवून घेतला होता. पाणी ओसरले तेव्हा खालच्या फळ्यांवरचा सगळा माल चिखलात गेलेला. त्यांनी कंपनीला एका ओळीचा अर्ज दिला, “माझे सुमारे तीन लाखांचे नुकसान झाले आहे, तरी मिळावे.” सर्व्हेअर येऊन गेला आणि काही आठवड्यांनी पत्र आले, मंजूर रक्कम ८६ हजार रुपये. सोबत एक छापील पावती, तिच्यावर सही केली की पैसे खात्यात जमा. घरात पैशाची चणचण. व्यापाऱ्यांची देणी थकलेली. मुलाच्या कॉलेजची फी भरावयाची. ते सही करावयास निघालेच होते. बाई मात्र हुशार. त्या म्हणाल्या, “८६ हजार कुठून काढले, ते तर विचारा.” एवढ्या एका प्रश्नाने सगळे पालटले.

मुलगा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षात. त्याने अहवालाची प्रत मागितली आणि हिशेब उलगडून पाहिला. सर्व्हेअरने ओल्या मालाची किंमत वजा जाता नुकसान धरले होते १ लाख २० हजार. कारण तेवढ्याच मालाच्या खरेदीच्या पावत्या त्याला मिळाल्या होत्या. पुढे त्याने असे लिहिले होते की, दुकानात त्या दिवशी माल होता पाच लाखांचा, विमा मात्र चारच लाखांचा. म्हणजे विमा ८० टक्केच. म्हणून नुकसानीचेही ८० टक्केच द्यावयाचे. ते झाले ९६ हजार. त्यातून विमापत्राप्रमाणे दुकानदाराने स्वतः सोसावयाचे १० हजार वजा जाता ८६ हजार.

आता गंमत पाहा. दुकानात पाच लाखांचा माल होता, हे सर्व्हेअरने ठरविले कशावरून? दुकानदार दर महिन्याला बँकेत मालाचे विवरणपत्र देत असे, त्यावरून. म्हणजे भरपाई कमी करताना बँकेचे विवरणपत्र खरे, आणि नुकसान मोजताना मात्र पावती हवी! मुलाने नेमके हेच बोट धरले. आईने भिजलेल्या वह्या नि पावत्या एकेक पान सुटे करून दोरीवर वाळत घातल्या होत्या. ज्या पावत्यांचा लगदा झाला होता त्यांच्या प्रती सांगलीच्या ठोक व्यापाऱ्यांकडून मिळविल्या. तलाठ्याचा पंचनामा जोडला. मग त्याने एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात मालाचे नाव, दुसऱ्यात पुरावा, तिसऱ्यात रक्कम. बँकेच्या विवरणातला पाच लाखांचा माल, त्यातला वरच्या फळ्यांवर वाचलेला अडीच लाखांचा, म्हणून गेलेला अडीच लाखांचा. भिजलेले धान्य जनावरांच्या खाद्यासाठी विकून आलेले १० हजार त्याने स्वतःहून वजा दाखविले. राहिले २ लाख ४० हजार. त्याचे ८० टक्के म्हणजे १ लाख ९२ हजार. त्यातून स्वतः सोसावयाचे १० हजार वजा. मागणी १ लाख ८२ हजार रुपये.

पत्रात एकही कडू शब्द नव्हता. “आपण कोणत्या कलमानुसार विवरणपत्र एका कामाला ग्राह्य आणि दुसऱ्या कामाला अग्राह्य धरले, ते लेखी कळवावे,” एवढी विनंती होती. कंपनीने फेरतपासणी केली, दोनदा आणखी कागद मागितले, दिवाळी गेली, आणि शेवटी १ लाख ८२ हजार जमा झाले. पूर्ण नुकसान भरून निघाले नाहीच. पण ८६ हजारांत ते दुकान पुन्हा उभे राहिले नसते, हे त्या गृहस्थांनीच मला सांगितले.

या उदाहरणात शिकण्यासारखे काय आहे? पहिली गोष्ट अशी की, मुलाने तीन लाखांचा आग्रह धरला नाही. जे सिद्ध होत नव्हते ते त्याने सोडून दिले. ८० टक्क्यांच्या कपातीविरुद्धही तो भांडला नाही, कारण ती विमापत्रातच लिहिलेली होती. कमी रकमेचा विमा उतरविला तर त्या प्रमाणात नुकसान आपलेच, हा आगीच्या विम्याचा जुना नियम आहे. २०२१ च्या एप्रिलपासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाचे जे विमापत्र सर्व कंपन्यांनी आणले, त्यात ही कपात काढून टाकली आहे, आणि लहान उद्योग-दुकानांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ विमापत्रात १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ केली आहे. पण जास्त तफावत असेल तर कात्री लागतेच. दर वर्षी नूतनीकरण करताना मालाची रक्कम वाढविली पाहिजे, ती यासाठी.

दुसरी गोष्ट, ओल्या धान्याचे आलेले पैसे त्याने लपविले नाहीत. दावा फुगविणे म्हणजे दुधात पाणी घालणे. एकदा पाणी सापडले की चांगले दूधही ओतून देतात. एक खोटी पावती सापडली तर कंपनीला सगळाच दावा नाकारता येतो. आणि तिसरी गोष्ट, त्याने “अन्याय झाला” असे म्हटले नाही, “कोणते कलम?” असे विचारले. विमा कंपनीशी बोलताना याहून प्रभावी प्रश्न नाही. नकार असो वा कपात असो, कलमासह लेखी कारण मागा. विमापत्राचे शब्द कंपनीने लिहिलेले असतात. म्हणून शब्दाचे दोन अर्थ होत असतील, तर विमेदाराच्या सोयीचा अर्थ घ्यावा, अशी न्यायालयांची रीत आहे.

आता त्या छापील पावतीविषयी. तिच्यावर “पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली” असे शब्द असतात. सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. रक्कम मान्य नसेल तर तसे आधीच लेखी कळवावे. मान्य असलेला भाग द्या, उरलेल्याविषयी आमची हरकत कायम आहे, असे म्हणावे. आणि समजा, गरजेपोटी किंवा दबावाखाली सही होऊनच गेली, तर? तरीही सगळे संपले असे नाही. सही फसवणुकीने, दडपणाने किंवा गैरवाजवी प्रभावाने घेतली हे सिद्ध करता आले, तर ग्राहकाला पुढे दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले आहे. पण ते सिद्ध करावे लागते, आणि ते सोपे नसते. पाय घसरल्यावर दोर शोधण्यापेक्षा आधीच जपून चाललेले बरे.

आता इतके करूनही कंपनी ऐकत नसेल तर? मग पायऱ्या चढावयाच्या, त्याही क्रमाने. पहिली पायरी म्हणजे कंपनीचाच तक्रार निवारण अधिकारी. त्याला लेखी तक्रार द्या, पोच ठेवा. सोबतच नियामक प्राधिकरणाच्या ‘विमा भरोसा’ या सोयीवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी १५५२५५ हा बिनखर्चाचा दूरध्वनी क्रमांक आहे. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर दुसरी पायरी म्हणजे विमा लोकपाल. महाराष्ट्रातही त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर मराठी माणसाने लिहिलेली कैफियत चालते. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत मात्र जावयास हवे. ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा लोकपाल देऊ शकतात, आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हांला तो पटला नाही, तर तुमची पुढची वाट मोकळी राहते.

ती पुढची वाट म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही सोय केली, आणि २०१९ च्या नव्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली. मुदत दोन वर्षांची. लोकपाल आणि ग्राहक आयोग दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही, हे लक्षात ठेवावे. पैसे देण्यास कंपनीने नियमाबाहेर उशीर लावला तर बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज मागता येते. तेही पत्रात लिहावयास विसरू नका. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजीत नाही, मग कंपनी न मागता व्याज कुठून देणार?

शेतकरी श्रोते म्हणतील, “मास्तर, हे दुकानाचं झालं. पीक विम्याचं काय?” तेथे गोष्ट थोडी वेगळी आहे. दुकानाचा विमा एकट्याचा असतो. पीक विमा मुख्यतः साऱ्या मंडळाचा असतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक वि. म. दांडेकर यांनी १९७० नंतरच्या दशकात असा विचार मांडला की, एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजत बसणे परवडणार नाही. एका विभागाचे सरासरी उत्पन्न पीक कापणी प्रयोगांनी मोजावे आणि ते घटले तर त्या विभागातल्या सगळ्या विमेदारांना भरपाई द्यावी. १९७९ पासून त्या धर्तीवर प्रयोग सुरू झाले, आणि २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेचा कणाही तोच आहे. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एका रुपयात पीक विमा मिळत असे; २०२५ च्या खरिपात ती सवलत बंद झाली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आधारण्यात आली. या योजनेचे नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर न जाता त्या हंगामाचा शासन निर्णय कृषी खात्याकडून समजून घ्यावा.

मग येथे घासाघीस करायचीच नाही का? करावयाची, पण वेगळ्या जागी. ज्या प्लॉटमध्ये पीक कापणी प्रयोग होतो, तेथे गावकऱ्यांनी हजर राहावे. मोजमाप नीट होते का, वजन बरोबर लिहिले जाते का, हे शांतपणे पाहावे, त्याचे फोटो ठेवावेत. पैसे जाहीर झाल्यावर कंपनीच्या दारात घोषणा देण्यापेक्षा त्या पाच-दहा मीटरच्या चौकोनापाशी उभे राहण्याने गावाचा अधिक फायदा होतो. काट्यावर वजन चाललेले असते, तेव्हाच भरपाई ठरत असते.

शेवटी दोन शब्द शिक्षक-बंधुभगिनींसाठी. खेड्यात आजही अवघड पत्र आले की ते प्रथम शाळेत येते. तेव्हा एक काम तुम्ही सहज करू शकाल. आठवी-नववीच्या मुलांना पत्रलेखन शिकविताना सहलीच्या वर्णनाबरोबर एक पत्र विमा कंपनीला लिहावयास लावा. विषय, विमापत्राचा क्रमांक, घटनेची तारीख, नुकसानीचा तक्ता, जोडलेल्या कागदांची यादी, आणि “कलमासह लेखी कारण कळवावे” ही शेवटची ओळ. मग त्यांना आपापल्या घरची विमापत्रे पाहावयास सांगा. वारस म्हणून कोणाचे नाव आहे? मुदत कधी संपते? वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा बँक खात्यातून आपोआप कापला जातो; तो आपल्या घरात आहे का? कित्येक घरांत कर्ता माणूस गेला तरी बायकोला या विम्याचा पत्ताच नसतो. पासबुकातली ती छोटीशी वजावट कोणी वाचलेलीच नसते. हप्ता गेला, माणूस गेला, आणि हक्काचे पैसे मागावयाचेही राहून गेले, अशी पाळी कोणावर येऊ नये.

म्हणून आज घरी एक साधी फाइल करा. तिच्यात विमापत्रे, हप्त्याच्या पावत्या, मोठ्या खरेदीची बिले, घराचे, दुकानाचे, जनावरांचे दोन-चार फोटो ठेवा आणि ती कोठे आहे हे घरातल्या सगळ्यांना, विशेषतः बायकांना, सांगून ठेवा. पूर-पाण्याच्या गावात तिच्या प्रती एखाद्या नातलगाकडे किंवा मोबाइलमध्ये असू द्या. संकट सांगून येत नाही. पण संकटानंतर बोलावयाचे शब्द आधीपासून तयार ठेवता येतात.